आत्याबाईंचा आवाज आणि काचेचं झाकण

आत्याबाईंचं निम्मं आयुष्य कापडगिरणीत मागावर गेलं. तिथल्या खडखडाटात शेजारणीला हाक मारायची तर पार पोटातून ओरडावं लागे. काम सुटलं, भाच्याच्या घरी राहायला आल्या, पण आवाज काही खाली उतरला नाही. पहाटे देवाचं म्हणायला बसल्या की वरच्या मजल्यावरची माणसंही उठून बसत. गल्लीत त्यांना सगळे ‘भोंगा’ म्हणत. त्यांना त्याचं कौतुकच वाटे.

एके दुपारी त्यांनी हाक दिली, “चला रे जेवायलाऽऽ!” आणि ओट्यावरचं काचेचं झाकण तडकन फुटलं.

“आत्या, आता खिडक्यांचा विमाच उतरवतो!” भाचा हसत म्हणाला.

आत्याबाई हसल्या नाहीत. ते झाकण भाच्याच्या बायकोला, म्हणजे सूनबाईला, तिच्या आईने हौसेने दिलेलं. ज्या तोंडाने देवाचं नाव घ्यायचं, त्याच तोंडाने पोरीची वस्तू फोडली, हे त्यांच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांची प्रार्थना नुसती ओठांतल्या ओठांत. बोलणंही कुजबुजत. घर कसं सुनं सुनं झालं. भाच्याला जाग येईना, तो रोज उशिरा कामावर.

“घसा दुखतोय का हो?” सूनबाई विचारी. आत्याबाई नुसती नकाराची मान हलवत.

नवं झाकण आलं. एका सकाळी आत्याबाई कोपऱ्यात मुकाट भाजी निवडत होत्या. सूनबाईने उकळत्या पातेल्यावरचं झाकण उचलून ओट्यावर ठेवलं, आणि तड्! मधोमध चीर.

सूनबाई गर्रकन मागे वळली.

“आत्या, तुम्ही काही बोललात?”

“नाही गं बाई!”

“मनातसुद्धा?”

“मनात देवाचं चाललं होतं... पण अगदी हळू.”

सूनबाईने ओट्यावर हात फिरवला. ओला, गार. ती कपाळावर हात मारून खालीच बसली. “अगं बाई, मीच ती! त्या दिवशीही ओटा पुसला आणि वाफाळतं झाकण तसंच त्या गार दगडावर टेकवलं. काच तडकणार नाही तर काय! आणि तुम्ही उगाच इतके दिवस जीव जाळत बसलात?”

आत्याबाईंच्या छातीवरचा धोंडाच उतरला. डोळ्यांना पदर लावून त्या आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या.

“आता बोला की मोकळेपणी!”

“थांब, आधी त्या देव्हाऱ्यातल्याला सांगते. फार दिवस ताटकळलाय बिचारा.”

देवापुढे बसून त्यांनी असा काही सूर लावला, की भाचा तोंडाला साबण तसाच ठेवून मोरीतून धावत आला. मांडणीतली ताटं थरथरली, पेले किणकिणले.

फुटलं मात्र काहीच नाही.