साहेबांना मी "होती" म्हणाले

मंडळी, आज मी खोटं बोलले.

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या टॉवेल कारखान्यात परवा माझ्या शेजारी काम करणाऱ्या लक्ष्मीअक्काचं बोट यंत्रात सापडून तुटलं. हात आत जाऊ नये म्हणून यंत्राला असते ती जाळी महिनाभर काढून ठेवलेली होती. आज अपघाताच्या चौकशीला सरकारी साहेब येणार म्हटल्यावर मालक मला म्हणाले, "तू चर्चला जाणारी. तुझ्यावर त्यांचा विश्वास बसंल. जाळी होती म्हण."

माझा नवराही तिथंच कामाला आहे. मी "होती" म्हणाले.

संध्याकाळी अक्काचा दवाखान्यातून फोन आला. "चौकशीला तू होतीस म्हणून काळजी न्हाय बघ. खरंच सांगितलं असशील की."

मी "जप गं" म्हणून फोन ठेवला.

आता प्रार्थनेला बसले, तर सारखी अक्काच आठवतेय. प्रभूच्या आधी अक्काची माफी मागायला हवी. पण मग साहेबांनाही खरं सांगावं लागेल, आणि आम्हा दोघांचं काम जाईल.

तुमच्यापैकी कुणी असं मागाहून खरं सांगितलंय का? कसं सांगितलंत?