तेरवीच्या पंगतीत आरोग्य कार्ड

पहिल्या पंगतीला बुंदी वाढून झाली होती. वाढपी कढीची बादली घेऊन निघाला आणि त्याच्या मागोमाग टॅबलेट घेऊन मी.

"आबा, घास गिळा आधी. आता वर बघा. पापण्या मिटा, उघडा. झालं!"

"झालं? मले वाटलं सुई टोचता."

"सुई नाही आबा. कढी घ्या."

तेरवीच्या मांडवात सरकारी काम कसलं, असं तुम्ही विचाराल. माझ्या आईनंही विचारलं होतं.

मी आरोग्य मित्र आहे. नाव गोड आहे. काम म्हणजे योजनेतल्या दवाखान्यात टेबल टाकून बसायचं, पेशंटचं कार्ड तपासायचं आणि कार्ड नसलं की नातेवाइकांच्या शिव्या खायच्या. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना मोफत उपचाराचं कार्ड सुरू झालं, तेव्हा आम्हाला गावोगाव कॅम्प घ्यायला धाडलं. गरीब-श्रीमंत काही बघायचं नाही. आधारवर वय सत्तर असलं की झालं. दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च योजनेतून होतो. 'भरती' हा शब्द तेवढा ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

गाव होतं वाशीम जिल्ह्यात, अनसिंगच्या पुढे. ग्रामपंचायतीत बॅनर बांधून मी बसले, पण एक म्हातारं माणूस फिरकेल तर शपथ. एक आजी आल्या त्या पंख्याखाली बसायला. त्यांना म्हटलं, आजी, कार्ड काढा. त्या म्हणाल्या, "चांगल्या जित्या मानसानं दवाखान्याचं कार्ड काहून काढा? बिमारीले पत्रिका धाडता का?"

साऱ्या गावाचं हेच मत होतं. कार्ड घरात आलं की आजार पत्ता विचारत येतो.

इकडे आमच्या सरांचे फोन सुरू. "मॅडम, तुमचं गाव रेडमध्ये आहे." सरांच्या मोबाईलमध्ये जिल्ह्याचा नकाशा असतो. कार्डं झाली की गाव हिरवं, नाही झाली की लाल. शिवार वाळून गेलं तरी चालतं, नकाशा हिरवा पाहिजे. त्यांनी माझ्यासोबत शाळेच्या फळ्याएवढं थर्माकोलचं कार्डही दिलं होतं. खरं कार्ड मोबाईलमध्येच येतं आणि ते फोटोत दिसत नाही. फोटो नाही तर काम नाही.

प्रल्हादभाऊंनी वाट दाखवली. त्यांचे वडील पिकल्या वयात झोपेतच गेले होते. तेरवीचं निमंत्रण द्यायला ते ग्रामपंचायतीत आले आणि माझं तोंड बघून थांबले.

"मॅडम, उद्या आमच्या बुढ्याची तेरवी हाय. गावचे समदे बुढे पयल्या पंगतीले बसतात. पंगत उठेपर्यंत कोनी हालत नाई. तुमी तिथंच या."

इतक्या सरकारी मीटिंगांत मला इतकी अक्कल कोणी शिकवली नव्हती. आमच्याकडे पंगतीत सगळे सोबत बसतात आणि सोबतच उठतात. मधूनच उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. आणि दुसऱ्याच्या तेरवीत माणूस स्वतःच्या तब्येतीचा फार मनापासून विचार करतो. आजाराला पत्रिका नको म्हणणारे सगळे तिथे आपणहून तोंड वर करून बसले होते.

ओटीपीचा काही उपयोग नव्हता. आधारला नंबर पोराचा आणि पोरगा पुण्याला. बोटांचे ठसे हळद-सोयाबीननं झिजलेले. राहिला चेहरा. चेहरा कॅमेऱ्यासमोर धरायचा, पापणी लवली की माणूस जिवंत आणि खरा, अशी यंत्राची खात्री पटते. ह्यालाच ई-केवायसी म्हणतात. पोळी, आलू-वांग्याची भाजी, बुंदी, केवायसी, असं छान चाललं होतं.

मग फौजी आबांचं पान आलं.

फौजी आबा म्हणजे गावातले एकुलते एक माजी सैनिक. पाठ अजून ताठ. साखर आणि हृदय दोन्हीची दुखणी. माजी सैनिकांचा दवाखाना वेगळा असतो. तिथून त्यांना दर महिन्याला इन्सुलिन आणि गोळ्या मिळतात. आता यातली मेख सांगते. ज्यांना अशी सरकारी सोय आधीपासून आहे त्यांनी दोन्हींतलं एकच निवडायचं. नवं निवडलं की जुनं सुटलं, परत मागता येत नाही. आणि नवं कार्ड भरती झालेल्यालाच कामाचं. घरी बसून रोज घ्यायच्या औषधाला त्यातून दमडी मिळत नाही.

म्हणून मी म्हटलं, "आबा, हे तुमच्यासाठी नाही," आणि पुढच्या पानाकडे गेले.

पंगतीत वरण पातळ असलं तरी चालतं. भाजीत मीठ नसलं तरी लोक खातात. पण एक पान टाळून वाढपी पुढे गेला तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. माझ्या हातात बादली नव्हती, टॅबलेट होता. पंगतीला तो फरक दिसत नाही.

आबांनी पानावरून हात काढला. "मले काहून सोडलं?"

शेजारच्यांनी हात थांबवले. मग सगळ्या ओळीनं थांबवले. बुंदीवर माशा बसायला लागल्या. प्रल्हादभाऊ धावत आले. "मॅडम, फौजी उपाशी उठला तं माया बापाले गती नाई भेटनार! देऊन टाका बाप्पा त्याले!"

"त्याले नाई तं आमाले बी नाई," कोणीतरी म्हणालं. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात सरांचा फोन.

"कुठवर आलं मॅडम?"

"सर, एक फौजी अडलेत. त्यांना जुनी सोय आहे."

"ते तयार आहेत ना? मग दुसरी योजना 'नाही' म्हणून टिक करा. एका टिकनं काय होतं?"

माझं डोकंच फिरलं. "सर, त्यांचं इन्सुलिन दर महिन्याला तुम्ही आणून द्याल?"

फोन कटला. सरांकडची रेंज प्रश्न विचारला की जाते.

मी आबांच्या पानासमोर मांडी घातली. "आबा, हे कार्ड या पंगतीसारखं आहे. मोठा प्रसंग आला की पोटभर. तुमचं जुनं कार्ड म्हणजे घरची चूल. रोजची भाकर तिच्यावर होते. ही पंगत धरली की घरची चूल विझते, आबा. मग ती पेटत नाही."

बायकांच्या बाजूनं चंद्रभागा आजी, त्यांची बायको, पोळ्यांची परात घेऊन आल्या. "चूल इझवून पंगतीच्या भरोशावर राह्यनारा मानूस पाह्यला का कोनी? रोज सुई मी टोचून राह्यली. त्या बाटल्या कोन देईन? हे बुंदीवाले?"

पंगत हसली. आबा हसले नाहीत. पानाकडे बघत हळूच म्हणाले, "ते समजलं मले. पन समद्याईचा फोटो निघन, आन् माया नाई?"

एवढंच होतं ते. मला एकदम वाईट वाटलं. देशासाठी उभा राहिलेला माणूस आणि अख्ख्या पंगतीत त्याचंच पान रिकामं. "तुमचाही निघेल आबा, आधी जेवा," म्हटल्यावर त्यांनी घास घेतला आणि पंगत पुन्हा सुरू झाली. जेवण उरकल्यावर मी त्यांच्या हातात थर्माकोलचं कार्ड दिलं. त्यांनी खिशातली टोपी काढून घातली, छाती पुढे काढली. फोटो असा आला की काय सांगू. मी ग्रुपवर टाकला आणि खाली स्पष्ट लिहिलं, यांचं कार्ड काढलेलं नाही. सरांनी तीन अंगठे पाठवले. फोटोखालचं वाचायची आमच्या ऑफिसात पद्धत नाही.

महिन्याभरात वाशीमच्या चौकात बॅनर लागलं. फौजी आबा, टोपी, थर्माकोल आणि मोठ्या अक्षरांत 'मी कार्ड काढलं, तुम्ही?'

मग चंद्रभागा आजींचा फोन आला. "मॅडम, याईचं औषध बंद केलं. तिथला बाबू म्हनते, बॅनर पाह्यलं म्या. तुमी नवीन कार्ड घेतलं, आता इकडं येऊ नोका. घरी शेवटची बाटली हाय, माय."

मी टॅबलेट उचलला आणि माजी सैनिकांचा दवाखाना गाठला. आबा बाकावर बसले होते. त्या दिवशी पाठ ताठ नव्हती. बाबू म्हणाला, "कार्ड नसल्याचा दाखला आणा."

आपल्याकडे असण्याचे सगळे दाखले मिळतात. जातीचा आहे, उत्पन्नाचा आहे, जिवंत असल्याचासुद्धा आहे. नसल्याचा दाखला कोण देणार? सरांना विचारलं तर म्हणाले, "सिस्टीममध्ये तशी सोय नाही."

मग मी बाबूच्या टेबलावर टॅबलेट ठेवला आणि त्याच्यासमोर आबांचा आधार नंबर टाकला. स्क्रीननं सांगितलं, नोंदणी नाही, नोंदणी करायची का?

"मग ते फोटोतलं कार्ड?" बाबूनं विचारलं.

"थर्माकोल आहे साहेब. पाण्यात तरंगतं."

बाबूनं स्क्रीन पाहिली, आबांना पाहिलं आणि बाटल्या काढून दिल्या. आजींनी त्या ओल्या फडक्यात गुंडाळून पोटाशी धरल्या. जाताना बाबू म्हणाला, "ते बॅनर उतरवा. उद्या माझ्या जागी दुसरा बसला तर पुन्हा हेच."

मी सरांना कळवलं की बॅनरवरचा लाभार्थी लाभार्थी नाही. मग सर म्हणाले, "मग त्यांना कार्ड देऊन टाका ना मॅडम. बॅनर खर्चात टाकलंय."

परतताना आजींनी ऑटो चौकात थांबवला. ऑटोवाल्यानं दोऱ्या कापल्या, मी घडी घातली, आबांनी टोपी सारखी केली. आजींच्या चुलीवरचा पत्रा गळत होता. आता तिथे बॅनर आहे. खाली भाकर थापली जाते आणि वरून आबा हसतात.

नवं कार्ड काढून द्यायला येणाऱ्याला आधी तुमचं जुनं काय आहे ते सांगा. तो आपणहून विचारणार नाही. त्याला नकाशा हिरवा करायचा असतो.

परवा सरांनी विचारलं, "मॅडम, चौकातलं बॅनर कुठे गेलं?"

मी म्हटलं, "लाभार्थ्यापर्यंत पोहोचलं, सर."