न खाणारी अळी

सलोमतखोलाला, म्हणजे सलोमतमावशीला, फसवायची खुजंदच्या बाजारात कुणाची छाती नव्हती. मुळ्याला नख लावून, काकडीचा देठ चाटून पाहणारी बाई! हल्ली तर ती कोबीत अळ्या शोधायची. "अळीला चालतं ते माणसाला चालतं," हे तिचं शास्त्र. सून मोहिराचा गर्भ दोनदा पडला होता आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. या खेपेला औषध फवारलेलं पानही घरात येऊ द्यायचं नाही, असा खोलाने पण केला होता.

मिर्झोच्या कोबीत हमखास अळी सापडे, म्हणून तोच तिचा भाजीवाला. एकदा गड्डा सोलताना मात्र ती थबकली. अळी होती, पण पानाला एकही भोक नव्हतं.

"अगं मोहिरा, हिने काय रोजा धरलाय?"

"माझ्यासारख्या ओकाऱ्या होत असतील तिलाही," सून हसली.

खोलाला चैन पडेना. तिने पानासकट अळी बरणीत घातली आणि वर फडकं बांधलं. सकाळी अळी मेलेली होती.

बाजार उघडतो न उघडतो तोच तिने बरणी मिर्झोच्या तराजूत ठेवली. "ही कुठनं आणलीस?"

"हळू बोला ना, खोला!" मिर्झो कावराबावरा झाला. "लोकांना अळी लागते, म्हणून घालतो वरून. औषध मारल्याशिवाय कोबी येतो होय?"

"ते कळलं रे मेल्या! पण जिवंत अळ्या तुला मिळतात कुठे?"

"घरामागे वाफा आहे. तिथे फवारत नाही."

"मग त्यातला गड्डा दे."

"तो विकायचा नाही. तो आमच्या पोराबाळांना..."

खोला जागची हलली नाही. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की दिवसभर बरकत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. अखेर त्याने न्याहारीचं गाठोडं सोडलं आणि रोटीशेजारचा, भोकाभोकांचा छोटा गड्डा तिच्या हातात दिला. तिने नोट पुढे केली. भवानीची नोट मालावरून फिरवायची रीत, म्हणून त्याने हात ढिगाकडे नेला.

तेवढ्यात मागच्या बाईने ढिगातला एक गड्डा उचलला. "भाऊ, यात अळी आहे ना? घरी लहान मूल आहे."

नोट धरलेला मिर्झोचा हात ढिगावरच थांबला. खोला त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.