साहेबांचा शब्द

माणसं कामाला लावायची हातोटी म्हणजे काय, ते मी आमच्या ह्यांच्या साहेबांत पाहिलं. त्या आठवणीनं मला अजून शीण येतो. साठच्या सुमाराला आम्ही जयपुरात होतो, हे विम्याच्या कचेरीत. साहेब नुसते आत शिरले तरी माणसं ताठ बसायची म्हणे. झोटवाड्याचे कारखाने भर उन्हात सायकलवरून पालथे घालून हे घरी यायचे, तरी खुशीत असायचे. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटलेली असायची ना!

इकडे सासूबाई साताऱ्यात एकट्या, दृष्टी अधू झालेली. जयपूरचा उन्हाळा त्यांना सोसला नव्हता, तेव्हा आम्हीच परत जायला हवं होतं. बदलीचा अर्ज द्या, म्हणून मी ह्यांच्या मागे लागले होते. पण त्या कचेरीत सगळं तोंडी सांगायची रीत. लेखी दिलं तर साहेबांवर विश्वास नाही, असा अर्थ व्हायचा.

संक्रांतीला साहेब एकेकाच्या गच्चीवर पतंग उडवायला जात. राजा पार्कात आमच्याकडेही आले. तिळगूळ हातावर ठेवून माझ्या मोडक्या हिंदीत मीच विषय काढला. साहेब हसले.

"भाभीजी, ये गए तो मेरा दाहिना हाथ गया. बस एक साल. फिर टिकट मैं खुद लाकर दूँगा."

ह्यांचा चेहरा असा खुलला, जणू बदली झालीच. मला राग आला होता, तरी साहेबांना आणखी दोन लाडू मीच दिले. त्या माणसापुढे नाही म्हणणं कठीणच होतं.

वर्ष सरायच्या आत साहेब बढती घेऊन दिल्लीला गेले. नवे साहेब मान वर करून बोलत नसत, कुणाच्या गच्चीवर जात नसत. "लाकूड आहे नुसतं," हे म्हणायचे. सासूबाईंनी अंथरूण धरल्याचं कानावर गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "अर्ज़ी कहाँ है?" अर्ज नव्हताच. त्यांनी ह्यांना समोर बसवून तो लिहून घेतला आणि त्याच दिवशी पुढे पाठवला. हुकूम निघाला, पण त्याच्या आधीच सासूबाई गेल्या.

दिवसकार्य उरकून आम्ही सामान बांधायला जयपूरला परतलो, तर जुने साहेब दिल्लीहून मुद्दाम भेटायला आले. "माँ तो मेरी भी थीं," म्हणाले. साताऱ्यात कोरड्या डोळ्यांनी सगळं पार पाडलेले हे त्यांच्या गळ्यात पडून रडले. नव्या साहेबांचे साधे आभार मानल्याचं मात्र मला आठवत नाही.

मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा हे डोळे पुसत त्यांना आग्रह करत होते, "एक बार सातारा आइए साब, हमारे घर."

त्या घरात आता आमची वाट पाहणारं होतं कोण?