नातीची एनओसी

“आजी, माझी जागा गेली.”

फोनवर नात एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. शुक्रवारची दुपार होती, चार वाजले असतील. मुलाने सकाळी बरक्याच्या मासळी बाजारातून आणलेली सुरमई मी कापत होते. हात माखलेले, म्हणून फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवला होता.

“कुठली जागा? खोलीवरून काढलं का?”

“टीममधली. कोच बोलली, तुला जायचंय तर जा, आम्ही दुसरी मुलगी घेतली. नेक्स्ट इयर स्कॉलरशिप पण नाही. पण आजी, मी जाते असं कधी बोलले? मी कुठे बोलले?”

ती बोलली नव्हती. बोललो होतो आम्ही. तिच्या बापाने पत्र लिहिलं होतं, आणि त्याला ते लिहायला मी लावलं होतं. मी सुरी ठेवली, हात न धुताच हॉलमध्ये गेले आणि मुलाला म्हटलं, “उठ. तुझ्या पत्राचं उत्तर आलंय.”

नात अमेरिकेत कॉलेजात बास्केटबॉल खेळते. उंची सहा फूट एक इंच. तिचं शिकणं, राहणं, जेवणखाण, सगळं त्या खेळावर. खेळ गेला की स्कॉलरशिप गेली, स्कॉलरशिप गेली की कॉलेज गेलं, आणि कॉलेज गेलं की व्हिसा गेला. डिग्रीला अजून दोन वर्षं होती. माझा मुलगा मस्कतमध्ये पंपांच्या कंपनीत सुपरवायझर आहे. तिकडची फी भरायची त्याची ताकद नाही. सुनेने त्या दिवशी सुरमई तशीच फ्रीजमध्ये टाकली. रात्री कोणी जेवलं नाही.

आता हे कसं झालं ते सांगते.

मी चौथी शिकले. लग्न होऊन मस्कतमधल्या वादी कबीरला आले ती अजून इथेच आहे. माझा नवरा गॅरेजमध्ये मेकॅनिक होता, आता तो नाही. नात इथल्याच शाळेत शिकली. आठवीत तिने बापाला उंचीत मागे टाकलं. गावी गेलो की बायका मला विचारायच्या, “हिला नवरा कुठून आणणार?” मी सांगायचे, “नवरा काय, शिडी आणू.” इथे बास्केटबॉलचं वेड फिलिपिनो लोकांना. शुक्रवारी त्यांच्या बायका शाळेच्या मैदानावर खेळायच्या. त्यांच्यात ही घुसली आणि त्यांनीच तिला शिकवलं. पुढे सुट्टीत दुबईला शिबिराला गेली. तिथे एका अमेरिकन माणसाने पाहिलं, आणि बारावी झाल्यावर तिला तिकडे बोलावणं आलं.

कोच बाई होती. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर मला ‘ग्रँडमा’ म्हणाली आणि म्हणाली, इथे सगळे एक कुटुंब आहोत. मला ते तेव्हाच खटकलं. गॅरेजचा मालकही माझ्या नवऱ्याला भाऊ म्हणायचा आणि पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवायचा.

पहिलं वर्ष नात बाकावर बसली. दुसऱ्या वर्षी खेळायला लागली. तेव्हा मला कळलं की तिकडे आता खेळणाऱ्यांना पैसे मिळतात. कॉलेज देतं, दुकानवाले देतात, जाहिरातवाले देतात. तिच्याच टीममधली एक मुलगी नव्या गाडीतून यायची. आमचीला फक्त बूट मिळायचे, कारण ती विद्यार्थ्याच्या व्हिसावर. पैसे घेतले आणि कोणी बोट दाखवलं तर व्हिसा धोक्यात.

दुसरी गोष्ट पोर्टलची. मोसम संपला की काही दिवस एक यादी उघडते. ज्या मुलीला कॉलेज बदलायचंय तिने त्यात आपलं नाव घालायचं. कोणाची परवानगी लागत नाही. सगळीकडचे कोच ती यादी बघतात आणि हवी ती उचलतात.

“आणि उचललं नाही तर?” मी विचारलं होतं.

“मग बसली,” नात म्हणाली.

मला इथल्या निझवा शहराचा शुक्रवारचा बकरी बाजार आठवला. नवरा असताना आम्ही दोनदा गेलो होतो. मालक बकरी दोरीला धरून गोल फिरवतात. घेणारे मधे आणि कडेला बसतात, जवळून गेली की पाठ दाबतात, दात बघतात. मुलाला म्हटलं, हे तेच आहे. पूर्वी म्हणे कोच शाळेतून कोवळ्या मुली आणायची आणि चार वर्षं घडवायची. आता करडू कोण पाळणार? तयार बकरी दर वर्षी बाजारात उभी असते. दावणीची काढायची, बाजारातली बांधायची. सून म्हणाली, “आई, काहीही काय बोलता? नातीला बकरी म्हणताय.” मी म्हटलं, “मी नाही म्हणत. तिकडे म्हणतात का ते बघ.”

फेब्रुवारीत एजंट आला. आला म्हणजे फोनवर. आपल्याकडचाच, मुंबईत वाढलेला आणि तिकडे स्थायिक झालेला. नातीचा खेळ बघून त्याने तिला निरोप पाठवला होता. मोठ्या कॉलेजला उंच मुलगी हवीय, पोर्टल उघडलं की नाव घाल, जागा पक्की. पैशांचीही त्याने वाट काढली होती. उन्हाळ्यात ती मस्कतला येईल तेव्हा इथल्या खेळाच्या दुकानाची जाहिरात करायची, पैसे इथेच घ्यायचे. अमेरिकेत कमावलेच नाहीत, तर व्हिसाला धक्का कसा लागेल?

मी मुलाला सांगितलं, मला त्याच्याशी बोलायचंय.

“काकू, नमस्कार,” तो स्क्रीनवर हसला. दात फार पांढरे.

“गाव कुठलं?”

“गाव? मी दादरचा, काकू.”

“दादरच्या आधीचं विचारते.”

“आजी, प्लीज,” नात मधेच कुजबुजली. तीही त्या कॉलवर होती.

“बरं. जागा पक्की म्हणता, तर त्या कॉलेजचं पत्र दाखवा.”

“काकू, पत्र आधी येत नाही. आधी नाव घालायचं, मग ते बोलतात. नियमच आहे तसा.”

“म्हणजे आधी नोकरी सोडायची, मग नोकरी आहे का विचारायचं?”

“जमाना बदलला, काकू.”

“जमाना बदलला हे सांगायला नेहमी तुमच्यासारखेच पहिले येतात.”

तो हसला. सून उठून आत गेली. तिला माझी लाज वाटली.

मी असा माणूस आयुष्यभर पाहिलाय. गावात व्हिसा विकणारा यायचा, त्याचेही दात पांढरे होते. त्याने पाठवलेले सहाजण इथे आले तेव्हा विमानतळावर घ्यायला कोणी नव्हतं. ते आमच्या दोन खोल्यांत महिनाभर राहिले. भाकऱ्या मी थापल्या.

पण खरी चूक एजंटवरच्या संशयाने झाली नाही. माझ्या शहाणपणाने झाली.

इथे नोकरी बदलायची तर पूर्वी अर्बाबची, म्हणजे मालकाची, एनओसी लागायची. हरकत नाही म्हणून पत्र. ते नसेल तर देश सोडून जायचं आणि दोन वर्षं परत यायचं नाही. माझ्या नवऱ्याला दुसऱ्या गॅरेजने बोलावलं तेव्हा तो रोज सकाळी अर्बाबसमोर उभा राहायचा. अर्बाब म्हणायचा, इन्शाल्ला. तीन वर्षं इन्शाल्ला. शेवटी दिली. त्याच्याबरोबरचा एकजण न विचारता पळाला, तर पकडून परत पाठवला. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम. आधी तोंडावर विचारायचं, पत्र हातात घ्यायचं, मग पाऊल उचलायचं. सरकारचा तो कायदा काही वर्षांपूर्वी गेला. आमच्या डोक्यातून गेला नाही.

म्हणून मी मुलाला म्हटलं, “पोरीने चोरून काही करायचं नाही. कोचबाईंना लिही. बाहेरून विचारणा झालीय, तुमची हरकत नसेल तर आम्ही फक्त चौकशी करू, हरकत असेल तर ती इथेच राहील. एनओसी माग.”

मुलाचा जन्म इथला, त्याला हे पटलं. ऑफिसात लिहितो तसं त्याने छान पत्र लिहिलं. आदरणीय मॅडम, वगैरे. मोसमाचा शेवटचा सामना झाल्यावर बुधवारी पाठवलं. नातीला आम्ही विचारलं नाही. मोठ्यांनी मोठ्यांशी बोलायची गोष्ट, असं मला वाटलं.

तासाभरात उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, आमची काहीच हरकत नाही, आम्ही तिच्या पाठीशी आहोत. मुलाने मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं, बघ, सरळ विचारलं की सरळ उत्तर मिळतं. पण मनात आलं, एवढ्या लवकर? अर्बाबला तीन वर्षं लागली. हिला तासही लागला नाही. ज्याला आपण हवे असतो तो हरकत घेतो. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं. बोलले नाही.

गुरुवारी त्यांनी दुसरी मुलगी नक्की केली आणि शुक्रवारी तिकडच्या सकाळी सकाळीच नातीला बोलावून सांगितलं. तिकडे असं पत्र म्हणजे राजीनामाच. तिकडे कोणी विचारत नाही. जाणारा जातो, काढणारा काढतो.

नातीने मग खरंच पोर्टलमध्ये नाव घातलं. एजंटला फोन लावला. पहिल्या दिवशी म्हणाला, बघतो. दुसऱ्या दिवशी म्हणाला, त्या कॉलेजने जास्त अनुभवी मुलगी घेतली. तिसऱ्या दिवसापासून फोन उचलला नाही. पुढच्या आठवड्यात नातीच्या जागी आलेल्या मुलीने इंटरनेटवर फोटो टाकला. शेजारी तो उभा, तेच दात. नातीने फोटो बापाला पाठवला.

त्यानेच आमचीला हलवून जागा रिकामी केली का? शपथेवर सांगू शकत नाही. मुलगा म्हणतो, आई, जागा आपण रिकामी केली. तेही खरं. पण एक माणूस दोन्ही दारांत उभा असेल तर मी त्याला पाहुणा समजत नाही.

नात माझ्याशी अकरा दिवस बोलली नाही. आईशी बोलायची, बापाशी बोलायची. मी मागून “जेवलीस का?” ओरडले की फोन बंद. बाराव्या दिवशी तिने स्वतः मला लावला.

“आजी, तू का नाही विचारलं मला?”

“चुकलं.”

“फक्त चुकलं?”

“आणखी काय सांगू? रडू?”

“नको,” ती म्हणाली. “तू रडलीस तर मला भीती वाटेल.” मग म्हणाली, “मी चाळीस कोचना मेल केला. सहा बोलले. पाच नाही बोलले.”

“म्हणजे उत्तरच आलं नाही?”

“आलं ना. नाही, असं बोलले. एक उरला.”

तो एक म्हणजे फार थंड ठिकाणचं लहान कॉलेज. त्यांच्या पाच चांगल्या मुलींपैकी तिघींना मोठ्या कॉलेजांनी पैसे देऊन उचललं होतं. उंच अशी एकही उरली नव्हती. नातीने त्या कोचला सगळं खरं सांगितलं, बापाचं पत्रसुद्धा दाखवलं. ते वाचून तो विरघळला वगैरे काही नाही. त्याला उंची हवी होती आणि नातीकडे ती होती.

मी म्हटलं, ह्या वेळी आधी पोरीला विचारते. नातीला विचारलं, “मी त्याच्याशी बोलू?”

“बोल. पण गाव नको विचारू.”

म्हातारा होता. मागे भिंतीचा रंग उडालेला. मी बोलत होते आणि नात इंग्रजीत सांगत होती.

“विचार, किती वर्षांची खात्री देतो?”

“बोलतो, एक. सगळ्यांना एकच.”

“आणि एक वर्षाने हिच्याहून चांगली मिळाली तर?”

नातीने विचारलं. त्याने खांदे उडवले आणि काहीतरी बोलला.

“बोलतो, तिची पण उंची बघेन. आणि मला मोठं कॉलेज मिळालं तर मी पण थांबणार नाही, बोलतो.”

“कुटुंब वगैरे काही म्हणाला का?”

“नाही.”

“मग जा,” मी म्हटलं.

तरी मी मुलाला ते कागद तीनदा वाचायला लावले. फी, खोली, जेवण, व्हिसाचा कागद, सगळं लिहून आलं तेव्हाच नातीने सही केली. पैसे नाहीत. बूट आहेत.

पुढच्या वर्षी नातीच्या पहिल्या कॉलेजने त्या कोचबाईला काढून टाकलं. नातीच्या जागी आलेली मुलगी एका मोसमात तिथून दुसरीकडे गेली, तिथून आणखी कुठे. एजंटचा नंबर बंद आहे. म्हाताऱ्या कोचने नातीला दुसऱ्या वर्षीही ठेवलं. का ठेवलं ते मी विचारलं नाही, आणि नात म्हणते, तू विचारूही नकोस.

पहिल्या टीमच्या फोटोत तेरा मुली आहेत. तो अजून आमच्या फ्रीजवर आहे. परवा सुट्टीत आली होती तेव्हा नातीने एकेकीवर बोट ठेवून सांगितलं. हिने चार कॉलेजं बदलली आणि खेळ सोडला, हिचा गुडघा गेला, हिला कोणी घेतलंच नाही. आता तेरातल्या तिघीच खेळतात. त्यातली एक ती आहे.