शिकवायला ठेवलेला

आमच्या अनंतदादाचं नशीबच वाकडं. कामात हुशार निघाला आणि तिथंच अडकला. वडील लोणावळ्यात रेल्वेत कारकून. हा बेचाळीस साली हट्टानं विमानदलात गेला. त्याला ब्रह्मदेशच्या आघाडीवर जायचं होतं, दुसरं काही नको होतं. पण पोरगा विमान सफाईनं उडवतो, चिडत नाही, दुसऱ्याची चूक शांतपणे सांगतो, असं त्याच्या मास्तरांनी वर कळवलं. झालं. साहेबांनी त्याला शिक्षक व्हायला निवडलं.

शिक्षकालाही शिकावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. रजेवर आला की तो मला पाटावर बसवी आणि हातात लाटणं देई. हा म्हणे विमानाचा दांडा. स्वतः मागे बसून प्रत्येक हालचाल बोलून दाखवी. हातानं करायचं आणि त्याच वेळी तोंडानं सांगायचं, हीच खरी मेख होती. शिकाऊ चुकला तरी दांडा हिसकायचा नाही, आधी बोलून सावरायचं. मी मुद्दाम लाटणं वेडंवाकडं फिरवी. तिकडे आई पोळ्यांसाठी खोळंबलेली असे.

"शैले, मी परीक्षेत नापास होणार," एकदा तो म्हणाला. "नापास झालो तर आघाडीवर तरी पाठवतील."

त्या परीक्षेत साहेबच शिकाऊचं सोंग घेऊन विमान चालवी आणि चुका करी. त्या पकडायच्या. तोंड उघडायचंच नाही, असं दादानं ठरवलं होतं. सुरुवातीच्या चुका त्यानं गिळल्या. मग उतरण्याआधीच्या वळणावर साहेबानं वेग इतका कमी केला, की विमान कोसळायच्या बेतात आलं.

"नाक खाली घ्या, वेग वाढू द्या," दादा बोलून गेला. मला सांगायचा तितक्याच शांतपणे.

खाली उतरल्यावर साहेब म्हणाला, "गप्प बसून सुटू बघणारे पुष्कळ येतात. ज्याला शेवटी गप्प बसवत नाही, तोच मला हवा असतो."

आईनं पेढे वाटले. पोरगा लढाईपासून लांब राहिला, तिला आणखी काय हवं होतं? मला मात्र त्याचा चेहरा बघवेना. पोरं येत, त्याच्या हाताखाली तयार होत, पूर्वेकडे जात. हा तिथल्या तिथे. बदलीसाठी किती विनवण्या केल्या, साहेब ऐकेल तर शपथ.

तळेगावचा चिंतामणी त्याच्याकडेच शिकून आघाडीवर गेला होता. तो पडल्याची बातमी आली तेव्हा दादा घरी होता. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "माझा तरी वाचला."

"आई," दादा म्हणाला, "तिकडे जायला तो लायक आहे, हे मीच ठरवलं गं."

आईनं हात काढून घेतला आणि ती स्वयंपाकघरात गेली.