दीड वाजताची भरती

“ऊठ रं पोरा, भरतीची वेल झाली.”

पनवेलच्या बोर्डिंगात रात्री दीड वाजता काका असं म्हणून मला बखोटीला धरून उठवायचे. भरती कुठली, ते तुम्ही ओळखलंच असेल. अकरा वर्षांचा होऊनही मी अंथरूण भिजवत होतो. आज हे सांगताना लाज वाटत नाही, कारण त्यात काका येतात.

काका खाडीकाठच्या गव्हाण गावचे. हिवाळा-उन्हाळा मिठागरावर राबायचे आणि मिठागरं पाण्याखाली गेली की पावसाळ्यापुरते बोर्डिंगात राखणीला यायचे.

गृहपतींनी मला बजावलं होतं, “दिवाळीनंतर एकदा जरी गोधडी भिजली, तर शाळा सोडून घरी जायचं.” तोवर शिक्षा म्हणून ओली गोधडी डोक्यावर घेऊन अंगणात उभं राहायचं. काकांनी पहिल्याच दिवशी ती उचलली आणि सगळ्या पोरांदेखत म्हणाले, “माजी हाय ती. म्हातारा झालो, समजत नाय आता.” पोरं हसली, पण काकांना. मग गृहपतींना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “गुरुजी, पोराची झोप खोल हाय. लबाडी नाय.”

त्या रात्री फेरी मारताना दोन वाजता त्यांना माझं अंथरूण नुकतंच भिजलेलं दिसलं. म्हणून दुसऱ्या रात्री ते पावणेतीनला उठवायला आले, तिसऱ्या रात्री साडेतीनला. खाडीची भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, तशी माझीही सरकणार, असा त्यांचा कयास! दोन्ही वेळा उशीर झाला होता. चौथ्या रात्री ते उशाशी बसूनच राहिले.

“याची भरती चांदाला जुमानीत नाय,” सकाळी कपाळाला हात लावून म्हणाले, “रोज दोनाच्या ठोक्याला!”

तेव्हापासून दीड वाजता. गोधडी कोरडी राहू लागली.

दिवाळी झाली, मिठागरं सुरू झाली, काका गावी गेले. त्या रात्री मी जागंच राहायचं ठरवलं आणि ठार झोपलो. डोळे उघडले तेव्हा घड्याळात दीड वाजला होता. मला कोणी हाक मारली नव्हती. मी एकटाच अंगण ओलांडून जाऊन आलो.

सकाळी गृहपतींनी गोधडीवर हात फिरवला आणि पुढच्या अंथरुणाकडे वळले. माझी छाती फुगली. पुढल्या पावसाळ्यात काका आले की पहिलं हेच सांगायचं, असं मनाशी घोकत राहिलो.

पावसाळा आला. गव्हाणहून निरोप आला, काका वारले. पुढे मॅट्रिक झालो, साहेब झालो, पेढे पुष्कळांना वाटले. त्या एका सकाळची बातमी मात्र सांगायची राहूनच गेली.